दारू सोडण्यासाठी मिटिंग शोधायची कशी, आणि तिथे गेल्यावर करायचं काय

आधी एक गोष्ट तपासून घ्या, मग पुढचं वाचा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने कोणाच्याही देखरेखीशिवाय एका दिवसात दारू बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट येणार असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत काहींना भास होतात, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणून प्यावी लागत असेल, किंवा पूर्वी सोडताना कधी फिट आली असेल, भास झाले असतील, तर पहिला फोन डॉक्टरांना करा. ते काही दिवसांची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा टप्पा पार करून देतात, गरज पडली तर दाखल करून घेतात. रोज किती पिता हे त्यांना खरं सांगा. निम्मं करून सांगितलं तर औषधही निम्म्याच हिशोबाने मिळतं.

मिटिंग म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांची एकमेकांना आधार द्यायला भरणारी बैठक. तिथे औषध मिळत नाही आणि कोणी डॉक्टर म्हणून बसलेलं नसतं. पण औषधांनी शरीर सावरलं तरी रोजची संध्याकाळ उरतेच. नेहमीच्या वेळेला पाय नेहमीच्या वाटेने वळायला लागले तर करायचं काय, आणि सांगायचं कोणाला? मिटिंग त्यासाठी आहे. डॉक्टर आणि मिटिंग यांपैकी एक निवडायचं नसतं, दोन्ही एकत्र चालू ठेवायचं असतं.

ग्रुप कोणकोणते

इथे दिलेल्यांपैकी सगळ्यात जुना आणि सगळ्यात दूरवर पसरलेला ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच ए.ए. तो १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाला. बारा पायऱ्या (दारूपासून दूर राहण्यासाठी क्रमाने करायच्या बारा गोष्टी), स्पॉन्सर (नव्याला त्या पायऱ्यांतून नेणारा जुना सदस्य), फक्त पहिल्या नावाने ओळख सांगण्याची रीत, हे सगळं तिथलं. सदस्य होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो आणि पुष्कळांचं पाऊल तिथेच अडखळतं. ज्याला जसा उमगेल तसा देव, अशी मोकळीक त्या मजकुरातच आहे. देव अजिबात न मानणारेही ए.ए.मध्ये वर्षानुवर्षं टिकलेले आहेत, आणि काही ग्रुप तर खास त्यांच्यासाठीच चालतात. तरीही प्रार्थना सुरू झाली की उठून जावंसं वाटत असेल, तर दुसरे ग्रुप आहेत.

स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून चालू आहे. तिथे पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर नाही. प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती मिटिंग चालवते, लोक एकमेकांशी थेट चर्चा करतात आणि कागद-पेन घेऊन काम करतात. प्यायल्याने काय मिळतं नि काय जातं, न प्यायल्याने काय मिळतं नि काय जातं, हे चार चौकोनांत मांडायचं. तलफ कधी आली, कशामुळे आली, किती वेळ टिकली याची वही ठेवायची. ज्यांना भावनिक बोलण्यापेक्षा असं काम जमतं त्यांना हा ग्रुप मानवतो. लाइफरिंग या ग्रुपमध्ये देवाधर्माचा विषय बाहेर ठेवतात. विमेन फॉर सोब्रायटी १९७५ साली खास बायकांसाठी सुरू झालं. 'रिकव्हरी धर्म' नावाच्या ग्रुपमध्ये बौद्ध पद्धतीच्या ध्यानावर भर असतो. या सगळ्यांच्या प्रत्यक्ष भरणाऱ्या मिटिंगा ए.ए.पेक्षा खूपच कमी आहेत, त्यामुळे त्या बहुतेक वेळा ऑनलाइनच गाठाव्या लागतात.

कोणता ग्रुप चांगला, यावर आठवडा घालवू नका. आमच्या मते सुरुवातीला विचारसरणीपेक्षा अंतर महत्त्वाचं. चालत जाता येईल असा आणि आठवड्यातून तीनदा भरणारा ग्रुप, तासाभराच्या प्रवासावर असलेल्या तुमच्या मनासारख्या ग्रुपपेक्षा पहिल्या महिन्यात जास्त उपयोगी पडतो. कारण साधं आहे. ज्या संध्याकाळी मिटिंगची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच संध्याकाळी तासाभराचा प्रवास करायची ताकद नसते.

आणखी एक. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्या उपचारांत लोकांना पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलं होतं, त्यांत सलग दारूपासून दूर राहण्याचं प्रमाण इतर प्रचलित उपचारांपेक्षा जास्त आढळलं. यातला 'जोडून देणं' हा भाग लक्षात ठेवा. अशा उपचारांत पत्त्याची चिठ्ठी हातात देऊन माणसाला सोडून देत नाहीत. मिटिंगला जायला, तिथे ओळखी करायला, स्पॉन्सर मिळवायला मदत करतात. तुमच्याकडे असं कोणी नसेल तर जोडून घेण्याचं हे काम स्वतःच करावं लागेल. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

पत्ता आणि वेळ

ए.ए.चं 'मीटिंग गाईड' नावाचं मोफत अ‍ॅप आहे. लोकेशन चालू केलं की जवळच्या मिटिंगा वेळेनुसार दिसतात. सगळ्या देशांतले ग्रुप त्यात नसतात, म्हणून आपल्या देशाच्या किंवा भागाच्या ए.ए.च्या साइटवरही यादी पाहा. तिथे बहुधा एक हेल्पलाइन असते, आणि ती घेणारे स्वतः दारू सोडलेले सदस्य असतात. बाकीच्या ग्रुपांच्या याद्या त्यांच्या-त्यांच्या साइटवर मिळतात. मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णालयातले समाजसेवक आणि व्यसनमुक्ती केंद्र यांच्याकडेही विचारा. काही मिटिंगा रुग्णालयातल्याच एखाद्या खोलीत भरतात आणि त्या कधी कधी यादीत आलेल्या नसतात.

इथे एक घोळ नेहमी होतो. व्यसनमुक्ती केंद्र वेगळं आणि ए.ए. वेगळं. ए.ए. कोणतंही केंद्र, रुग्णालय किंवा वसतिगृह चालवत नाही. ए.ए.ची नोंदणी फी म्हणून कोणी पैसे मागितले तर तुम्ही चुकीच्या जागी आला आहात.

यादीत मिटिंगच्या नावापुढे खुणा असतात, त्या वाचायला शिका. 'ओपन' म्हणजे खुली मिटिंग. कोणीही येऊ शकतं, घरचे, मित्र, शिकणारे विद्यार्थीसुद्धा. 'क्लोज्ड' म्हणजे बंद मिटिंग, फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. सोडायची इच्छा असेल तर तुम्ही दोन्हीकडे जाऊ शकता, 'मी खरंच दारुडा आहे का' हे ठरलेलं नसलं तरी. 'स्पीकर' मिटिंगमध्ये एक-दोन माणसं सविस्तर बोलतात, बाकीचे ऐकतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला आणि गप्प राहू इच्छिणाऱ्याला ही सगळ्यात सोपी. 'डिस्कशन'मध्ये एका विषयावर सगळे आळीपाळीने बोलतात. 'स्टेप' मिटिंग एकेका पायरीवर असते, ती सुरुवातीला परक्या भाषेसारखी वाटू शकते. 'बिगिनर्स' नव्यांसाठी. फक्त बायकांच्या मिटिंगाही असतात. बाईमाणसाला मिश्र मिटिंगमध्ये मोकळं वाटत नसेल तर तिथूनच सुरुवात करावी.

यादीवर डोळे झाकून विसंबू नका. ग्रुप स्वयंसेवक चालवतात. खोली बदलते, वार बदलतो, सुट्टीच्या दिवशी इमारत बंद असते, आणि यादी महिनोन्महिने तशीच राहते. मोठ्या मुश्किलीने मनाची तयारी करून गेलेला माणूस कुलूपबंद फाटक बघून परततो आणि पुन्हा कधी जात नाही, हे फार वेळा घडतं. म्हणून कागदावर एक नाही, तीन मिटिंगा लिहा. आजची, उद्याची, आणि आज रात्री उशिराची एखादी ऑनलाइन.

एक फोन

मिटिंगच्या दिवशी सकाळी यादीतल्या नंबरवर फोन करा. काय बोलायचं ते सुचत नसेल तर हे वाचून दाखवलं तरी चालेल:

"नमस्कार. आजच्या मिटिंगबद्दल विचारायचं होतं. मी पहिल्यांदाच येणार आहे. मिटिंग नक्की आहे ना? आत कुठून यायचं?"

फाटक कोणतं, मजला कोणता, खोलीवर पाटी असते का, हे विचारून घ्या. मिटिंगच्या पाट्या बहुधा लहान असतात, आणि वाट दुसऱ्या कोणाला विचारायची म्हणजे कशासाठी आलो ते सांगावं लागतं. नाव विचारलं तर पहिलं नाव पुरे. समोरचा स्वतःहून म्हणाला, "मी दाराशी थांबतो," तर हो म्हणा. संकोच होईल, तरीही हो म्हणा. दाराशी कोणी तरी आपली वाट बघतंय हे माहीत असलं की अर्ध्या रस्त्यातून परत फिरणं अवघड होतं.

पहिली मिटिंग

१० ते १५ मिनिटं आधी पोहोचा. बरोब्बर वेळेला पोहोचलेल्या नव्या माणसासमोर बंद दार आणि पाठमोरी डोकी येतात. आधी गेलात तर खुर्च्या लावायचं काम चालू असतं, एखादी खुर्ची उचलून ठेवता येते आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही. मागच्या ओळीत दाराजवळ बसायची इच्छा होईल. त्यापेक्षा मध्ये, कडेच्या खुर्चीवर बसा. उठून जायची मोकळीक राहते आणि ऐकूही नीट येतं.

आजच प्यायलेले असाल तर? तरीही जा. गाडी मात्र चालवू नका. बहुतेक ग्रुप प्यायलेल्या माणसाला बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका, शांत बसून ऐका, असं सांगतात. गोंधळ घातला तरच बाहेर नेतात.

मिटिंग साधारण ६० ते ९० मिनिटांची असते. ए.ए.मध्ये चेअरपर्सन सुरुवात करतो, एक-दोन ठरावीक उतारे वाचले जातात, मग नव्याने आलेल्यांना ओळख सांगायची असेल तर सांगा, असं विचारतात. हात वर करणं सक्तीचं नाही. केलात तर नंतर लोक आपणहून येऊन बोलतात, एवढा त्याचा उपयोग. मध्येच एक टोपली किंवा पिशवी फिरते. ए.ए. बाहेरून देणगी घेत नाही, खोलीचं भाडं सदस्यच भरतात, त्यासाठी ती असते. नव्या माणसाने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही, पिशवी पुढे सरकवा. काही ग्रुपांत एक दिवस, एक महिना, तीन महिने असे टप्पे गाठणाऱ्यांना छोटं नाणं किंवा बिल्ला देतात. शेवटी उभं राहून प्रार्थना होते. ती म्हटली नाही, नुसते उभे राहिलात, तरी कोणी हटकत नाही.

बोलायची पाळी आली तर तीन वाक्यं पुरेशी आहेत. "माझं नाव अमुक. मी पहिल्यांदा आलोय. आज मी फक्त ऐकणार आहे." खोलीतले सगळे एका आवाजात तुमच्या नावाने नमस्कार करतील आणि पाळी पुढे जाईल. 'मी मद्यपी आहे' असं म्हणण्याची सक्ती नाही, इतर सगळे म्हणत असले तरी.

एक गोष्ट पहिल्यांदा खटकते. कोणी रडत-रडत मुलाबद्दल सांगतो, डोळे पुसतो, 'धन्यवाद' म्हणतो. आणि कोणीच काही बोलत नाही. ना सल्ला, ना सांत्वन. पुढचा माणूस स्वतःचं नाव सांगून स्वतःचं बोलायला लागतो. हा कोरडेपणा वाटतो, पण पद्धत मुद्दाम तशी ठेवली आहे. दुसऱ्याच्या बोलण्यावर उत्तर द्यायचं नाही, त्याला तोडायचं नाही. दारूमुळे आयुष्यभर उपदेश ऐकलेल्या माणसाला निदान एका खोलीत तरी, कोणी न्याय न करता, पूर्ण बोलता यावं म्हणून. त्या बोलणाऱ्याजवळ मिटिंगनंतर लोक जातात, ते थांबलात तर दिसेल. स्मार्ट रिकव्हरीत मात्र मध्येच प्रश्न विचारणं चालतं, म्हणून एका ग्रुपची सवय दुसरीकडे नेऊ नका.

ऐकताना डोकं हमखास एक खेळ खेळतं. 'याची नोकरी गेली, माझी शाबूत आहे.' 'ही दवाखान्यात तीनदा होती, मी एकदाही नाही.' फरक मोजत बसलात तर तासाभरात तुमची खात्री पटते की ही जागा आपली नव्हे. त्याऐवजी एकच काम करा. कोणाचं तरी एक वाक्य पकडा, जे तुमच्याबद्दलही खरं आहे. बाटली कुठे लपवली, 'आज दोनच' असं ठरवून काय झालं, सकाळी फोनमधले मेसेज वाचताना पोटात कसा गोळा आला. तेवढं एक वाक्य घरी जाऊन लिहून ठेवा.

गुप्ततेबद्दल स्पष्ट असा. इथे कोणाला पाहिलं, काय ऐकलं, ते बाहेर सांगायचं नाही, हा नियम लोक मनापासून पाळतात. पण डॉक्टर किंवा वकील यांच्यावर गोपनीयतेचं कायद्याने बंधन असतं, तसं मिटिंगमधल्या लोकांवर नसतं. खुल्या मिटिंगमध्ये तर कोणीही बसलेलं असू शकतं. एखादा गुन्हा, चालू खटला, दुसऱ्याचं नाव घेऊन सांगायची गोष्ट, या बाबी खोलीत मांडू नका. त्या वकिलाशी किंवा समुपदेशकाशी बोला. तुमच्या दारूबद्दल बोलायला यातलं काही लागत नाही.

मिटिंगनंतरची पंधरा मिनिटं

शेवटची प्रार्थना संपली की नवा माणूस सगळ्यात आधी बाहेर पडतो. आमच्या मते पहिल्या महिन्यातली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मिटिंगमध्ये ऐकायला मिळतं, पण माणसं मिळतात ती नंतर, खुर्च्या आवरताना आणि दाराबाहेर उभं असताना. या १५ मिनिटांत एकच उद्दिष्ट ठेवा, दोन फोन नंबर घेणं. ज्याचं बोलणं पटलं त्याच्याकडे जा आणि म्हणा, "तुमचं बोलणं मनाला लागलं. तुमचा नंबर मिळेल का? मी नवा आहे." नकार फार क्वचित येतो. कारण नव्या माणसाशी बोलल्याने जुन्या माणसाची स्वतःची दारू लांब राहते, यावर हा सगळा डोलारा उभा आहे.

ए.ए.चा जन्मच असा झाला. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कहून अ‍ॅक्रनला आलेल्या बिल नावाच्या माणसाचा धंद्यातला व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता. तो फोनकडे वळला आणि चर्चच्या यादीवरून फोन करत सुटला, बोलायला दुसरा एखादा पिणारा माणूस मिळावा म्हणून. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब या सर्जनशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, बोलणं काही तास चाललं. त्या डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली तो दिवस, १० जून १९३५, ए.ए.चा स्थापना दिवस मानतात.

नंबर मिळाला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी फोन करा, तलफ नसताना. "काल भेटलो होतो, फक्त नंबर चालतो का पाहत होतो," एवढंच. हा सराव आहे. पहिला फोन तलफेच्या वेळी करायची पाळी आली तर बोटं पुढे सरकत नाहीत. नंबर 'मिटिंग' असा शब्द पुढे लावून सेव्ह करा, म्हणजे तसे सगळे नंबर एका जागी येतात. ज्यांचा फोन घरचे किंवा सहकारी बघतात त्यांनी दुसरा साधा शब्द वापरावा. तलफ आली की यादीतला पहिला नंबर लावा, उचलला नाही तर दुसरा, मग तिसरा. तलफ चढते तशी उतरतेही, आणि तीन नंबर लावून एकाशी बोलेपर्यंतचा वेळ पुष्कळदा पुरतो. फोन लावण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचारण्याची ग्रुपमधली जुनी सवयही चांगली आहे. भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतंय का, थकवा आला आहे का? त्यातली एखादी जरी मिटवता आली तरी तलफेचा जोर बराच कमी होतो.

पटलं नाही तर

एका मिटिंगवरून ठरवू नका. किमान सहा मिटिंगा, आणि त्या तीन वेगवेगळ्या ग्रुपांच्या. एकाच शहरात एक ग्रुप म्हाताऱ्यांचा, संथ असतो आणि दुसरा तरुण, गलबल्याचा. दोन्हीकडे तेच उतारे वाचले जातात, तरी वातावरणात जमीन-अस्मानाचा फरक. ९० दिवसांत ९० मिटिंगा हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. तो ए.ए.चा नियम नाही, चालत आलेली शिफारस आहे. जमत असेल तर पहिल्या तीन महिन्यांसाठी चांगलीच आहे. जमत नसेल तर आठवड्याचे तीन वार पक्के करा आणि ते कोणत्याही कारणाने हलवू नका. 'वेळ मिळेल तसं जाईन' असं ठरवणारा माणूस दुसऱ्या महिन्यात गळतो.

मग एक ग्रुप आपला ठरवा आणि तिथे छोटं काम मागून घ्या. खुर्च्या लावणं, दाराशी उभं राहून नव्यांना आत आणणं. ज्या दिवशी जायची इच्छा नसते त्या दिवशी हे कामच ओढून नेतं.

काही ठिकाणी मात्र दुसऱ्यांदा जाऊ नका. कोणी उसने पैसे मागितले, धंद्यात ओढलं, नव्या बाईच्या किंवा मुलाच्या मागे लागलं, तर तो ग्रुप किंवा निदान तो माणूस सोडा, आणि चेअरपर्सनला सांगा. कोणी नैराश्याची किंवा फिटची गोळी बंद करायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका. औषधाबद्दल फक्त डॉक्टर बोलतील, ही ए.ए.चीही भूमिका आहे.

ऑनलाइन मिटिंग

रात्री दोन वाजता, प्रवासात, किंवा आजारपणात ऑनलाइन मिटिंगला तोड नाही. वेगवेगळ्या देशांतल्या वेळांमुळे चोवीस तासांत केव्हाही कुठली तरी चालू असते. वेळ लिहून घेताना टाइमझोन तपासा, इथे बरेच जण चुकतात. आत येण्याआधी स्क्रीनवरचं नाव बदलून फक्त पहिलं ठेवा. फोनमधलं पूर्ण नाव आपोआप दिसतं हे विसरलं जातं. हेडफोन लावा, कारण घरातल्यांनी दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हाही गुप्ततेचा भंगच. माइक बंद ठेवा. कॅमेरा बंद ठेवायची मुभा बहुतेक ठिकाणी असते, पण काही ग्रुप नव्या चेहऱ्याला एकदा दिसायला सांगतात. रेकॉर्डिंग करू नका. प्रत्यक्ष मिटिंगमध्ये सहज घडणारी नंतरची १५ मिनिटं इथे आपोआप मिळत नाहीत. मिटिंग संपल्यावर खोली काही वेळ उघडी ठेवतात का ते विचारा आणि थांबा.

स्पॉन्सर

स्पॉन्सर म्हणजे स्वतः पायऱ्या केलेला, बऱ्यापैकी काळ दारूपासून दूर असलेला सदस्य, जो तुम्हाला त्या पायऱ्यांतून नेतो. निदान एक वर्ष झालेला असावा. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला विचारावं, ही रीत भानगडी टाळण्यासाठी आहे. सहा-सात मिटिंगांत ज्याचं बोलणं आणि वागणं जुळतं असं दिसेल त्याला विचारा, "तुम्ही माझे तात्पुरते स्पॉन्सर व्हाल का?" 'तात्पुरते' या शब्दाने दोघांचंही ओझं हलकं होतं, जमलं नाही तर बदलताही येतं. पहिल्याच भेटीत विचारून घ्या की फोन किती वाजेपर्यंत चालेल आणि रोज करायचा की गरजेला. स्पॉन्सर समुपदेशक नसतो, सावकार नसतो, लग्नाचा निवाडा करणारा तर नसतोच.

घरच्यांसाठी

पिणारा माणूस तयार नसला तरी घरच्यांना स्वतःची मिटिंग आहे. अल-अनॉन १९५१ पासून नवरा, बायको, आई-वडील, मित्र यांच्यासाठी आणि अलाटीन १९५७ पासून घरातल्या किशोरवयीन मुलांसाठी चालतं. तिथे त्याला कसं सोडवायचं हे शिकवत नाहीत. त्याच्या पिण्यासाठी खोटं बोलणं, उधारी फेडणं, ऑफिसला 'ताप आहे' असा फोन करणं कसं थांबवायचं ते तिथे कळतं. त्याला मिटिंगला न्यायचं असेल तर खुली मिटिंग निवडा, सोबत जा, आणि परतताना 'कसं वाटलं?' हा प्रश्न रस्त्यात विचारू नका. प्यायलेला असताना हा विषयच काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. आणि डायसल्फिरामची गोळी (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ती) त्याला न सांगता जेवणात कालवू नका. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत पाळी येऊ शकते, आणि गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ती फक्त त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यायची.

पुन्हा प्यायलात तर

ग्रुपमध्ये याला 'स्लिप' म्हणतात. स्लिपनंतर बरेच जण मिटिंग टाळतात, कारण नव्वद दिवसांचा बिल्ला घेतलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या दिवसाचं नाणं मागायची लाज वाटते. एकदाच प्यायला असाल तर दुसऱ्याच दिवसाच्या मिटिंगला जा. तिथे बोलायचं धाडस होत नसेल तर आधी स्पॉन्सरला किंवा यादीतल्या कोणाला फोन करून सांगा आणि त्याच्यासोबत आत जा. किती पेग, कोणती दारू, हा तपशील खोलीत नको. त्याआधीच्या आठवड्यात काय बदललं ते सांगा. कोणता वार चुकला, कोणाला फोन करणं थांबलं, कोणत्या ठिकाणी गेलात? पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक त्यावरून बदलता येतं. सलग काही दिवस प्यायला असाल तर मात्र एका झटक्यात थांबू नका. आधी सोडताना सौम्य त्रास झाला होता म्हणून याही वेळी सौम्यच होईल असं नसतं. पुष्कळांत तो दर खेपेला वाढत गेलेला दिसतो. तेव्हा आधी डॉक्टरांना फोन करा, आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या मिटिंगमधल्या कोणाला तरी, 'मला न्यायला येशील का' म्हणून.